घाटकोपरचे खाडीकाका

"कमळाबाई, एक सांगू का? राग नका मानू हं," असं म्हणून नंदकुमार साहेबांनी पापलेटाचा कल्ला बोटाने उचलला. "पापलेट असं बघायचं असतं. कल्ला लाल हवा, डोळा फुगीर हवा. पोटावर बोट दाबलं की पडलेला खळगा लगेच भरून यायला हवा."

"हो का?" कमळ म्हणाली.

"आणि आज अष्टमी. म्हणजे भांग, भरती कमी. पाण्याला ओढ नसते, त्यामुळे जाळ्यात बोंबील कमी येतो. आज बाजारात दिसतो तो कालपरवाचा. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. आम्हाला खाडीकाका सांगतात."

"कोण वो हे खाडीकाका?"

"इंटरनेटवर असतात. तुम्हाला नाही कळायचं ते. आमचा सगळ्यांचा अंदाज आहे की मत्स्य खात्यातले मोठे अधिकारी असणार. निवृत्त झालेले. लिहितात कसं बघा, एक शब्द जास्त नाही!"

पापलेटाचे पर छाटायला कमळने मान खाली घातली ती वर केलीच नाही. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. साहेबांना वाटलं, बाईच्या मनाला लागलं. बिचारे त्या दिवशी भाव न करताच पैसे देऊन निघून गेले.

खाडीकाका तर त्यांच्या समोरच पाटावर बसले होते, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून.

कमळ माहुलची. एकोणीस वर्षं घाटकोपरच्या मंडईत बसते. दहावीला तिला मराठीत शाळेत सगळ्यात जास्त गुण होते. मंडईतल्या बायकांचे पालिकेत द्यायचे अर्ज अजूनही तीच लिहिते. नवरा दादू जाळी विणतो आणि कमी बोलतो. मुलगी सपना रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. तिने नवा फोन घेतला तेव्हा जुना आईच्या हातात दिला आणि 'आपलं घाटकोपर' नावाच्या ग्रुपमध्ये तिला घालून टाकलं. चाळीस हजार माणसं. कुणाला प्लंबर हवा, कुणाची मांजर हरवलेली, कुणी खड्ड्याचा फोटो टाकून पालिकेचा उद्धार करतोय. दुपारी मंडई आवरून, अंघोळ करून, कमळ पंख्याखाली आडवी होऊन हे सगळं वाचायची. तिला ते मंडईसारखंच वाटायचं, फक्त वास नाही.

सुरुवातीला तिने स्वतःच्याच नावाने लिहिलं होतं. कुणीतरी विचारलं, करलीचे काटे कसे काढायचे? कमळने चार ओळींत सांगितलं. तिच्या नावाशेजारी दोन्ही हातांत सुरमई धरलेला तिचा फोटो. लगेच उत्तर आलं, "मावशी, जाहिरात करायची असेल तर अ‍ॅडमिनची परवानगी घ्या."

कमळने फोन उशीखाली सारला. महिनाभर तिने अक्षर लिहिलं नाही.

मग एका दुपारी एका मुलीने विचारलं, बाळ वर्षाचं झालंय, पहिल्यांदा मासा द्यायचाय, पण भीती वाटते, काटा अडकला तर काय करू? खाली सतरा जणांनी सतरा सल्ले दिले होते. एकाने चक्क मांदेली द्या म्हणून लिहिलं होतं. ते वाचून कमळ उठूनच बसली. सपना दोन वर्षांची असताना तिच्या घशात मांदेलीचाच काटा अडकला होता. लेकरू निळं पडायला लागलं तेव्हा कमळ तिला छातीशी धरून अनवाणी दवाखान्यापर्यंत पळाली होती. त्याला बावीस वर्षं झाली, तरी सपना जेवायला बसली की कमळचं लक्ष आधी तिच्या घशाकडे जातं.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. पण नावाने लिहावं तर जाहिरात म्हणतील आणि बाळाला मांदेली भरवतील. लिहायच्या चौकटीखाली 'निनावी' असं एक बटण होतं. ते दाबलं की नाव जायचं, फोटो जायचा, आणि त्या जागी एक करडं तोंड यायचं, ना बाईचं ना बुवाचं. कमळने लिहिलं, "मुडदुशी द्या. बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि बाळाला तीच. वाफवून, बोटांनी तीनदा कुस्करून. तिसऱ्यांदाही काटा लागला तर त्या दिवशी देऊ नका, बाळ कुठे पळून जात नाही. उद्या पौर्णिमेचं उधाण आहे, मासळी ताजी मिळेल."

संध्याकाळपर्यंत सहाशे जणांनी अंगठे दिले. त्या मुलीने लिहिलं, "काका, तुमचे खूप आभार."

काका का, हे कुणी विचारलं नाही. इतकं जाणणारा माणूस म्हणजे काकाच असणार, हे चाळीस हजारांनी आपसांत न बोलताच ठरवून टाकलं. उत्तराच्या शेवटी भरती-ओहोटीचं वाक्य असलं की लोक ओळखायचे, काका आले. त्यावरूनच नाव पडलं, खाडीकाका. तिनेही ते पद गोड मानून घेतलं. कोळंबी कुठली घ्यावी, बर्फात पाच दिवस राहिलेली सुरमई कशी ओळखावी, उत्तरं देता देता दोन वर्षं गेली. तीच गोष्ट तिने पाटावर बसून सांगितली असती तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, खपवायला बोलते. करड्या तोंडाने सांगितली की वेदवाक्य.

हे गुपित फक्त सपनाला ठाऊक होतं, आणि ती सारखी बजावायची. "आये, एक दिवस पकडली जाशील तू. मग टेम्पो?"

टेम्पोची गोष्ट खरी होती. मंडईतल्या चौदा जणी मिळून पहाटे भाऊच्या धक्क्यावरून एकाच टेम्पोने माल आणतात. एकच बर्फ, एकच भाडं. ह्या टेम्पोचा कायदा मंडईतल्या सगळ्यात जुन्या नलिनीताईने घालून दिलेला. पाटीतली गोष्ट पाटीत. मासळीचं बरं-वाईट गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, दुसरीचं नाही आणि आपलंही नाही. जी सांगेल ती दहा दिवस टेम्पोत चढणार नाही. वेगळी गाडी करून माल आणायचा म्हणजे कमाई भाड्यातच जाते, म्हणून आजवर एकीनेही कायदा मोडला नव्हता. आणि इथे कमळ चाळीस हजार लोकांना पाटी उलटी करून दाखवत होती.

बायका वैतागल्या होत्याच. "कालच्या बयेनं माझ्या सुरमईच्या तोंडात बोट घातलं गं!" जया ओरडली. "मी म्हटलं, दात काढायला आलीस काय? तर म्हणते, खाडीकाकांनी सांगितलंय."

"आणा त्या काकाला एकदा इथे," नलिनीताई म्हणाली. "बोंबलाचा हार घालते त्याच्या गळ्यात. चांगला आठ दिवसांचा."

सगळ्या खो खो हसल्या. कमळ जरा जास्तच हसली.

असंच चाललं असतं. पण एका मंगळवारी ग्रुपवर दुसरंच काही आलं. तेच करडं तोंड, तोच 'निनावी' शब्द, आणि मजकूर असा, "मंडईत शिरताना डाव्या कोपऱ्यात हिरव्या छत्रीखाली जी म्हातारी बसते, ती मासा ताजा दिसावा म्हणून त्याला औषध मारते. मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलांना खायला देऊ नका."

डावा कोपरा, हिरवी छत्री. नलिनीताई. सदतीस वर्षांत जिने शिळा बांगडा विकला नाही, उरला तर खारवायला घेऊन गेली, ती.

बुधवारी नलिनीताईच्या पाटीपुढे तीन माणसं थांबली. शुक्रवारी एकही नाही. लोक लांबून बघायचे, आपसांत कुजबुजायचे आणि पुढे जायचे. नलिनीताईकडे साधा फोन, तिला काही कळेना. शेवटी जयाच्या मुलाने वाचून दाखवलं. ऐकून नलिनीताईने दोन्ही सुरमया परत बर्फात घातल्या, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "त्या काकाचंच काम. आधी बोट घालायला शिकवलं, आता विष घालायला."

ग्रुपवरही हेच चाललं होतं. "खाडीकाकांनी सावध केलं, आभार," असं नंदकुमार साहेबांनी हात जोडून लिहिलं होतं. कमळने घाईघाईने निनावीच लिहिलं, ती पोस्ट माझी नाही, औषधाची गोष्ट खोटी आहे, त्या बाईची मासळी नेहमी ताजी असते. चढत्या भरतीचं वाक्यही घातलं, खूण पटावी म्हणून.

एकाने विचारलं, "तुम्ही खरे काका कशावरून? भरतीचं वाक्य कुणीही लिहील."

दुसऱ्याने लिहिलं, "तोही निनावी, तुम्हीही निनावी. बाईच्या बाजूने साक्ष द्यायची तर नाव सांगा ना."

अ‍ॅडमिनने ती औषधाची पोस्ट काढून टाकली, पण लिहिणाऱ्याचं नाव सांगायला साफ नकार दिला. निनावी राहू देतो असं म्हटलंय, ते सगळ्यांना सारखंच, म्हणाला. कमळला त्याचा राग आला आणि दुसऱ्या क्षणी ती वरमली. ह्याच शब्दावर तर ती दोन वर्षं सुखाने काका होती. कधीतरी कुणी तिचंही नाव मागितलं असेल आणि ह्याने दिलं नसेल.

"तू आता नाव टाकणार," सपनाने तिचा चेहरा बघून ओळखलं. "आये, टेम्पो जाईल. आणि नलिनीमावशी बोलायची नाय तुझ्याशी."

"मासा कसा बघायचा ते नाव नसलेल्यानं सांगितलं तरी चालतं गं. खोटं असेल तर माणूस स्वतःच बोट लावून बघेल. पण नलिनीताय कशी हाय ते बोट लावून कसं बघणार? तिथे सांगणारीचं तोंड दिसायला पाहिजे."

"लोक वाट्टेल ते बोलतील."

"बोलू देत. मंडईत काय कमी बोलतात?" असं म्हणून तिने सपनाला उगाचच विचारलं, "तू जेवलीस का?"

करडं बटण न दाबता तिने लिहिलं, "मी कमळ, माहुलची. घाटकोपर मंडईत नलिनीताईंच्या शेजारी एकोणीस वर्षं बसते. तुम्ही ज्यांना खाडीकाका म्हणता ती मी. औषधाची पोस्ट माझी नाही. नलिनीताईंची मासळी आणि माझी मासळी एका टेम्पोतून, एका बर्फात येते. तिच्यात औषध असेल तर माझ्यातही असेल. रविवारी या. माझी मुलगी लॅबमध्ये काम करते, पण तिच्यावरही विश्वास ठेवू नका. मासा घेऊन जा आणि तुम्हाला हव्या त्या ठिकाणी तपासून घ्या."

दोन तासांत चारशे उत्तरं आली. "काकू!!!" अशी शंभरेक. कुणी, "बघा, शेवटी जाहिरातच निघाली." एकाने दोन वर्षं फसवल्याबद्दल निषेध नोंदवला. मुडदुशीवाल्या मुलीने तिच्या लेकाचा फोटो टाकला, गाल हे एवढे, तोंडभर भात.

रविवारी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे मासे घ्यायला, निम्मे काकांना बघायला. एक बाई खरंच डबा घेऊन आली, नलिनीताईकडून बांगडा विकत घेतला आणि तपासायला देते म्हणून गेली. नंदकुमार साहेब आले, कमळपुढे उभे राहिले, चष्मा पुसला, परत घातला.

"म्हणजे त्या दिवशी पापलेट..."

"छान समजावलंत साहेब. माझ्यापेक्षा छान."

"मी आभारसुद्धा मानले हो त्या भलत्या पोस्टचे." ते ओशाळून नलिनीताईच्या छत्रीखाली गेले आणि त्यांनी एक अख्खी सुरमई घेतली. घरात माणसं दोन.

नलिनीताई सकाळभर कमळशी एक शब्द बोलली नव्हती. दुपारी एकला पाट्या रिकाम्या झाल्या, जागा धुऊन निघाल्या, तेव्हा तेरा जणी पाटावर बसल्या आणि कमळ समोर उभी राहिली.

"दोन वर्षं?" नलिनीताई म्हणाली.

"दोन."

"माझ्या शेजारी बसून? मी त्याला हार घालते म्हटलं तेव्हा तू हसलीस?"

"सगळ्यात जास्त," जयाने साक्ष दिली. "मी बघितलं."

"माझ्यासाठी नाव टाकलंस ते मी जल्मभर विसरायची नाय," नलिनीताई म्हणाली. "पण कायदा कायदा असतो. तुझ्यासाठी वाकवला तर उद्या जया मोडेल."

"मी कशाला मोडू? मला लिहिता कुठे येतं?"

"गप गं. कमळ, दहा दिवस टेम्पोत चढायचं नाय."

"नाय चढणार," कमळ म्हणाली. तिने आदल्या दिवशीच भाड्याच्या गाडीची चौकशी करून ठेवली होती, आकडा ऐकून तिला झोप लागली नव्हती.

सोमवारी पहाटे धक्क्यावर तिने माल घेतला आणि दोन पाट्या घेऊन बाजूला गाडीची वाट बघत उभी राहिली. समोरून चौदांचा टेम्पो निघाला, तिच्यापाशी येऊन थांबला. मागून नलिनीताईने डोकं बाहेर काढलं.

"पाट्या चढव."

"ताय, दहा दिवस—"

"तू चढायचं नाय. पाट्या काय बोलल्या कुणाला? त्यांना कसली शिक्षा? जया, घे गं वर." दोन्ही पाट्या वर गेल्या, त्यांच्यावर बर्फ पडला, ताडपत्री ओढली गेली. "तू ये बसने. आणि लवकर ये, तुझं गिऱ्हाईक मी नाय सांभाळणार. मला विचारतात, उधाण कधी, भांग कधी. मी काय काका हाय?"

टेम्पो गेला. कमळने गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं आणि ती रिकाम्या हातांनी बसथांब्याकडे चालत निघाली. डोक्यावर पाटी नसताना चालायची तिला सवयच नव्हती, मान उगाच ताठ राहत होती. पहिल्या बसला गर्दी नव्हती. तिला खिडकी मिळाली. तिने सपनाला फोन लावला आणि सगळ्यात आधी विचारलं, डबा घेतलास का.