दारातून काढलेला शेठचा आवाज

कबुली म्हणलं की लगेच सरसावून बसलात, हाय ना? पोरीबिरीचं काही असंल, न्हाईतर पेपरात कॉपी केली असंल. न्हाई हो. उठायचं असंल तर आत्ताच उठा. ही कीबोर्डच्या बटनांची गोष्ट हाय. काळा पडदा, त्यावर हिरवे आकडे, माउस न्हाई, चित्र न्हाई — अन् ते आकडे तरी कशाचे? शाळेतल्या पोरांच्या छातीचे अन् कमरेचे. खालचा पानटपरीवाला तो पडदा बघून मला हॅकर समजतो. मी बसून बाह्यांची लांबी टाकत असतो.

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, दोस्तांना न्हाई. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई हे मुखेडात कुणालाबी विचारा. तरी हे एवढं आत राहिलं. आता का सांगायलो? काय माहीत. थकलो असंन.

मला नकला येतात. शाळेत गॅदरिंगला मी हेडमास्तरची नकल केली होती, अन् हेडमास्तर पहिल्या रांगेत बसून हसले होते — तिथंच मी बिघडलो. पुढं कंडक्टर, तलाठी, बाजारातली भाजीवाली, लग्नातला बँडवाला, काही सोडलं न्हाई. शिक्षणात दम नव्हता. मामाच्या ओळखीनं नांदेडला युनिफॉर्मच्या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे काय, दुकानाच्या वरचा एक हॉल. शाळेत जाऊन पोरांची मापं घ्यायची, चिठ्ठ्यांवर लिहायची, अन् वर येऊन ती गफूरचाचांना वाचून दाखवायची. चाचा ती कंप्युटरात टाकायचे.

गफूरचाचा आधी कटिंग मास्टर होते. सगळ्या हॉलमधी कात्री फक्त त्यांच्या हातात. मग एकदा म्हणाले, कंबर धरली, उभं राहवत न्हाई, मला कंप्युटरवर बसवा. कंप्युटर जुना, चालू व्हायलाच चहा पिऊन व्हायचा. शेठचा भाचा विष्णुपुरीला इंजिनीअरिंग करायचा. त्यानं त्यात ते काळ्या पडद्याचं स्प्रेडशीट बसवून दिलं — हलकं असतं म्हणे, अडकत न्हाई — अन् चाचांना बटनं शिकवून गेला.

आता बटनं ऐका, ती कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. जे दाबलं की एक खाना खाली. के म्हणजे वर. एच डावीकडं, एल उजवीकडं. सेलला चाचा खाना म्हणायचे. बरोबरचं चिन्ह दाबून आकडा टाकायचा. ई दाबून दुरुस्त करायचा. व्ही दाबलं की निवड सुरू — मग जिथपर्यंत जाल तिथपर्यंतचे खाने धरले जातात. वाय दाबलं की उचलले, पी दाबलं की ठेवले. एक्स दाबलं की साफ. अन् यू दाबलं की केलेलं परत. एवढंच हाय. एवढ्यावर माझे दिवस चाललेत.

पण चाचा तिथं का बसले होते, हे फक्त मला माहीत होतं. कंबर चांगली होती. डोळे गेले होते. एकदम न्हाई, कडेनं विरत विरत, जुन्या सतरंजीसारखे. पडदा त्यांना हिरवट धुकं दिसायचा. पण ह्या शीटला माउस लागत न्हाई, बाण कुठं हाय ते बघावं लागत न्हाई. बोटांनी चालतं. जेच्या बटनावर एक बारीक उंचवटा असतो — हात लावून बघा तुमच्याबी कीबोर्डवर, असतोच. चाचा तो उंचवटा चाचपायचे अन् तिथून सगळं धरायचे. मधीच मला विचारायचे, "कोणत्या खान्यात हाय मी?" मी म्हणायचो, "बी चौदा." तेवढं बास. मी डोळे, ते बोटं. शेठ वर आले की चाचा चष्मा नाकावर सरकवून पडद्याकडं असं टक लावून बघायचे की मलाच हसू यायचं.

"घरी कळलं तर मला खाटेवर बसवतील," एकदा म्हणाले होते. "चहा हातात, रोटी हातात. ऐसी जिंदगी नक्को रे पोट्ट्या." कुणाला सांगणार न्हाई, असं मी कबूल केलं होतं. अन् सांगितलंबी न्हाई, बरं का. तेवढं मी पाळलं — हसू नका.

माणसं ते आवाजावरून ओळखायचे. शेठ तर त्याहून सोपे. शेठ कधीच आत येत न्हाईत. दारात उभे राहायचे, बोटात चाव्यांचा जुडगा फिरवायचे, खुळखुळ खुळखुळ, अन् तिथूनच हुकूम — "गफूरभाई, ते देगलूरचं आधी घ्या." बोलून जिना उतरायचे. चाचा "जी शेठ" म्हणायचे अन् कामाला लागायचे. सगळ्या हॉलचं काम असंच चालायचं, दारातून.

त्या दिवशी सकाळी मी शेठची नकल करून दाखवली. मशीनवाले दोघं पोट धरून हसले. चाचा हसले न्हाईत. म्हणाले, "शेठ तुला जमला न्हाई. मला न बघताबी कळतं, तू हाय म्हणून."

बस. एवढंच बोलले. ह्याचं वाईट वाटून घ्यायचं काही होतं का? तुम्ही सांगा. चिडवायलाच बोलले होते. पण मला ते लागलं. सगळं गाव हसतं, अन् हा डोळे नसलेला माणूस म्हणतो जमला न्हाई?

दुपारी मशीनवाले जेवायला उतरले. हॉलमधी चाचा एकटे. अहमदपूरच्या एका शाळेची सगळी मापं नुकतीच टाकून संपली होती, माझा घसा अन् त्यांची बोटं दुखून आली होती. मी चप्पल काढून हातात घेतली. खुंटीवर गोदामाच्या चाव्या होत्या, त्या घेतल्या. दारात गेलो. अन् खुळखुळ केलं.

बघा — आवाज काढणं वेगळं. चाव्या वाजवणं वेगळं. आंधळा माणूस ज्या खुणेवर भरोसा ठेवतो तीच मी उचलली. हे मला तेव्हाच कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार न्हाई.

"गफूरभाई," मी शेठच्या घशातून बोललो, "अहमदपूरची ऑर्डर हातची गेली. ते सगळं उडवा. नवी शाळा टाकायची हाय त्यात."

"जी शेठ," चाचा म्हणाले.

फसले! मला आतून अशी उकळी फुटली की तोंडावर हात दाबला. अन् मग बटनं वाजली. ती मला आवाजावरून पाठ होती. वर गेले, पहिल्या खान्यात. व्ही. मग मोठा जी, म्हणजे पार शेवटापर्यंत. सगळी शाळा धरली गेली. मी म्हणू शकत होतो, चाचा, मी हाय. एक्स. साफ झाली. अजूनबी म्हणू शकत होतो, यू दाबलं असतं की सगळं जागेवर. मग कोलन, डब्ल्यू. सेव्ह. आमच्याकडं लाइटचा भरोसा नसतो, म्हणून काही केलं की चाचा लगेच सेव्ह करायचे अन् लगेच फाईल बंद करायचे, हात धुतल्यासारखं. कोलन, क्यू. बंद. फाईल बंद झाली की यू संपला. त्याच्या पोटात मग काही राहत न्हाई.

मी काय करत होतो एवढा वेळ? जिंकत होतो.

अन् तेवढ्यात खाली शेठची गाडी थांबली. खरी.

मी चाव्या खुंटीला लावल्या अन् माठाकडं गेलो. पाणी प्यायलो. तहान नव्हती. शेठ जिना चढून दारात आले, खुळखुळ केलं, म्हणाले, "गफूरभाई, अहमदपूरची कटिंग आज लावू."

चाचा हसले आधी. त्यांना वाटलं मी हाय. म्हणाले, "बस कर रे पोट्ट्या, एका दिवसात दोनदा नक्को." मग शेठ आत आले, कधी येत न्हाईत ते आले, अन् चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ओळखला त्यांनी. तोंडावरचं हसू कसं गेलं ते मी माठापाशी उभा राहून बघितलं.

"तुम्हीच बोललात ना शेठ, अहमदपूर उडवा म्हणून. आत्ता. दारातून."

"मी आत्ता गाडीवरून उतरायलो. कोण होतं दारात? दार तर तुमच्या समोरच हाय गफूरभाई. बघितलं न्हाई का?"

चाचांनी बघितलं म्हणावं तर कोणाला? न्हाई बघितलं म्हणावं, तर का न्हाई? चाचांनी मान माझ्याकडं वळवली. नेमकी माझ्याकडं, माठाच्या दिशेला. "पोट्ट्या," म्हणाले, "तू ऐकलंस ना?"

हौ म्हणायचं होतं. नुसतं हौ. पुढचं त्यांनीच सांभाळून घेतलं असतं, पोरगं हाय, मस्ती केली, म्हणाले असते. माझ्या मायची शपथ, असंच म्हणाले असते.

मी म्हणालो, "कोणीच न्हाई आलं चाचा."

तेबी माझ्या आवाजात. साध्या.

शेठनं मग टेबलावरचा एक तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. विचारलं, हा कोणत्या शाळेचा? चाचांनी अंगठ्यानं चोळला. कापड बरोबर सांगितलं. मिलबी बरोबर सांगितली. रंग खाकी म्हणाले. तो निळा होता.

शेठ वाईट माणूस न्हाई. ओरडले न्हाईत. "सांगायचं होतं गफूरभाई," एवढं म्हणाले, अन् खाली जाऊन चाचांच्या मुलाला फोन लावला. म्हणजे घरीबी कळलं. जे मी कुणाला सांगणार न्हाई म्हणलं होतं ते मला सांगावंच लागलं न्हाई.

मला बोलणी बसली, ती चिठ्ठ्यांवरून. मापं टाकून झाली की मी चिठ्ठ्या चिंध्यांच्या पोत्यात कोंबायचो, अन् पोतं सकाळीच भंगारवाला घेऊन गेला होता. "अक्कल गहाण टाकली का रे तू?" शेठ म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बरं वाटलं. कशाची तरी बोलणी खायलो, एवढं तरी. मग मी परत अहमदपूरला गेलो अन् सगळी मापं पुन्हा घेतली. एका पोरानं विचारलं, आधीची कुठं गेली? मी तिथंबी काहीतरी नकल करून हसवलं त्याला.

मी नकला सोडल्या असं तुम्हाला वाटत असंल. न्हाई सोडल्या. अजून करतो, लग्नात, हळदीला. माणसं हसतात. खुर्ची पण माझीच हाय आता, चाचांची. जेचा उंचवटा झिजत आला.

मागं एकदा चाचा मुखेडच्या एसटी स्टँडवर दिसले. लेकीकडं आले असतील. नातवाच्या खांद्यावर हात, बाकावर बसलेले, खाटेवर बसवल्यासारखेच. गाडी लागेपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या बाकावर होतो. माझ्या आवाजावरून त्यांनी लगेच ओळखलं असतं. म्हणून मी खोकलोसुद्धा न्हाई. गाडीतबी ते पुढच्याच सीटवर, तर कंडक्टरला तिकिटाचं गाव बोटानं खिडकीवर लिहून दाखवलं. त्याला वाटलं मुका हाय. वरून हसला बिचारा.

एक राहिलं. कायमचे घरी बसण्याआधी चाचा एक दिवस आले होते. बटनं मला शिकवायला, कारण बाकी कुणाला येत नव्हती. शेठनंच बोलावलं होतं. मी खुर्चीवर, ते बाजूच्या स्टुलावर, चष्मा खिशात — आता लावून कुणाला दाखवायचा? त्या दुपारबद्दल एक शब्द बोलले न्हाईत. बोलतील म्हणून मी सारखं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. व्ही दाब, म्हणाले, दहा खाने खाली जा, वाय दाब. मी गडबडलो. वायच्या जागी एक्स दाबला. धरलेलं सगळं गेलं. मी गप्प बसलो.

चाचांना बटनाच्या आवाजावरून कळलं.

"गधे!" स्टूल सरकवून असे ओरडले की मशीनवाल्यांनी पाय थांबवले. "एक्स दाबलास ना? मग बोलत का न्हाईस? मला दिसतंय का इथं? चुकलं तर तोंड उघडायचं, तिथल्या तिथं! यू दाब. दाब आधी. अन् बंद करू नक्को ती फाईल. उघडी हाय तवरच परत येतंय, मग काय डोकं आपटलं तरी येत न्हाई. किती दिवस बसलास रे माझ्या बाजूला, एवढंबी शिकला न्हाईस? बोल, कोणत्या खान्यात हाय?"

मी यू दाबला. आकडे परत आले.

"बी चौदा," मी म्हणालो.