दोन्या सातूची न झालेली पोयादा

आमच्या टेकडीवर जूनमध्ये धुकं उतरतं ते पुढचे चार महिने हलत नाही. खाली लिमा शहर आहे हे तेव्हा नुसतं ऐकून माहीत. अशा दिवसांत कोंबडी तळल्याचा वास आला, की लोक डोळे मिटूनही दोन्या सातुर्निनाच्या, म्हणजे आमच्या दोन्या सातूच्या, अंगणात पोचायचे.

कुणाचं ऑपरेशन निघालं, कुणाचं छप्पर उडालं, की पोयादा करायची. आधी तिकिटं विकायची, रविवारी लाल मिरचीत मुरवलेली कोंबडी तळून बटाट्याबरोबर वाढायची, गाणी लावायची आणि उरलेला पैसा अडलेल्या घरी द्यायचा. पोयादा कुणासाठीही असो, कढई दोन्या सातूची. प्रत्येक ताटही तिच्याच हातून जायचं; दुसऱ्या कुणी झाऱ्याला हात लावला तर तिचं तोंड दिवसभर फुगलेलं. बाई तशी खाष्टच. नवरा फोर्तुनातो तिला वचकून असायचा, पण गाणं लागलं की तिचाच हात धरून नाचायचा. तो गेल्यावर वर्षभर तिनं कढई बाहेर काढली नाही.

निवडणूक संपली आणि किटली पक्षाचा सेन्योर लुदेन्या धापा टाकत चढ चढून तिच्याकडे आला. पक्षाला पैसा कुणी दिला हे निवडणूक कचेरीला सांगावं लागतं. किटलीवाल्यांना घबाड देणाऱ्याचं नाव उघड करायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी कळवून टाकलं होतं, की मार्चमध्ये दोन्या सातूच्या अंगणात पक्षासाठी पोयादा झाली आणि गोरगरिबांनी भरभरून तिकिटं घेतली. आता कचेरीची बाई विचारायला येणार होती. दोन्या सातूनं फक्त हो म्हणायचं, की टेकडीला सिमेंटच्या पायऱ्या. त्या निसरड्या चढावर आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी हाडं मोडून घेतली आहेत. पायऱ्या म्हटल्यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला नाही.

सुरुवातीला आम्ही हसत हसत खोटं बोलायचो. मग त्या धुक्यात काय झालं देव जाणे, ती पोयादा आम्हाला आठवायलाच लागली. तंगडी कुणाला मिळाली, बिअर पिऊन कुंपणावर कोण पडलं, यावरून भांडणं झाली. मला तर त्या कोंबडीची चवही आठवते. मीठ जरा जास्त होतं.

दोन्या सातू सगळं ऐकायची, पण हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. एकदा तिच्या लेकीची धर्ममाता एर्मेलिंदा तिच्याशेजारी बटाटे सोलत बसली होती.

"फोर्तुनातो किती नाचला गं त्या दिवशी," ती सहज म्हणाली.

दोन्या सातूचा हात थांबला. फोर्तुनातोला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

"काय घातलं होतं त्यानं?"

"निळा सदरा. तुला आवडायचा ना, तोच."

त्याच सदऱ्यात त्याला पुरलं होतं. एर्मेलिंदा खोटं बोलत नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर दोन्या सातू दुपारभर अंगणात खुर्ची टाकून धुक्याकडे बघत बसू लागली. आम्हाला वाटलं, काम झालं. ती पोयादा आता आमच्याहून तिलाच जास्त हवी होती.

कचेरीची बाई आली. वयानं लहान, बूट चिखलानं भरलेले. आम्ही सगळे कुंपणाला चिकटून उभे. मार्चमध्ये इथे पोयादा झाली का, तिनं विचारलं. दोन्या सातूनं कुंपणाकडे, आमच्याकडे बोट केलं.

"हे म्हणतात, माझा नवरा इथे नाचला," ती म्हणाली. "पोरी, ताट मी वाढते. तो आला असता तर माझ्याच हातून ताट घेतलं असतं ना त्यानं? मला कळलं नसतं?"

त्या मुलीला काहीच उमगेना.

"चूल पेटलीच नाही त्या दिवशी. लिहून घे."

पायऱ्या गेल्या. लुदेन्या पुन्हा फिरकला नाही. आम्ही दोन्या सातूशी बोलणं टाकलं, एर्मेलिंदानं तर सगळ्यात जास्त दिवस. पण ऑगस्टमध्ये एर्मेलिंदाच त्या चढावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि पायऱ्यांच्या सिमेंटसाठी आम्हीच पोयादा करायची ठरवली. कढई अर्थात दोन्या सातूची. धुकं इतकं दाट, की अंगणाच्या त्या टोकाला कोण नाचतंय तेही दिसत नव्हतं. दोन्या सातू एकेक ताट देत होती, आणि देण्याआधी घेणाऱ्याचा चेहरा नीट बघून घेत होती.