बिसरामच्या पडद्यावरची गल्ली

गोंदियाच्या स्टेशनाजवळची आमची गल्ली मोजून दोनशे पावलांची. तोंडाशी बंद पडलेली धानगिरणी, मध्ये विडीच्या ठेकेदाराचं कौलारू घर, शेवटी धर्मशाळा. गाडी बदलायला उतरलेले प्रवासी पूर्वी तिथे पथारी टाकत. उन्हं कलली की या इमारती मला अजूनही रंगवल्यासारख्या वाटतात, वारा आला तर हलतील अशा. त्याला कारण बिसराम.

बिसराम आमच्या नाटक मंडळीचे पडदे रंगवायचा. झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावी नाटक असो, 'रस्ता' म्हणून मागे हीच गल्ली उतरायची. चिचगडला, बिरसीला, नायिका होऊन मी हिच्याच धर्मशाळेच्या सज्ज्याखाली रडले आहे. जाहिरातीत आम्हा नटांची नावं मोठ्या अक्षरांत असत. बिसरामचं कधीच नव्हतं.

धर्मशाळेचा खरा सज्जा वाळवीने खाल्ला. तो उतरवून भिंतीला गिलावा केला, त्यालाही चाळीस वर्षं झाली. यंदा विश्वस्तांनी तो पुन्हा बांधायचं ठरवलं, अगदी होता तसा. फोटो कुणाकडेच नव्हता. मग विश्वस्त गोपीचंदने बिसरामचा पडदा मागवला, दुपारी अंगणात पसरला आणि ब्याऐंशी वर्षांच्या बिसरामला खुर्चीवर बसवून झेंडूचा हार घातला. सारी गल्ली जमली होती. म्हाताऱ्याने हार दोनदा चाचपून पाहिला.

"काकाजी, तुमच्या पडद्यानं इज्जत राखली," गोपीचंद म्हणाला.

सुतार देवानंदने पडदा पाहून दरवाज्याच्या उजवीकडे, तुळया बसवायच्या जागी, खडूने खूण केली. बिसराम खुर्चीतून पुढे वाकला.

"तिथं नको फोडू बापा," तो म्हणाला. "सज्जा डाव्या अंगाले होता."

"मंग पडद्यावर उजवीकडे काऊन?" देवानंदने विचारलं.

"नाटकात डाव्या अंगाले पेटी-तबलेवाले बसत. त्यांच्या मुंडक्यांआड सज्जा कोणाले दिसला असता? मीनंच उचलून इकडं ठेवला."

हशा पिकला. समोरच्या जमुनाबाई म्हणाल्या, "उमर हो गई तुमची, बिसरामभाऊ! मी नवरी होऊन त्याच सज्ज्याखालून आली. उजव्या हाताले होता, मले पक्कं आठवते."

मीही मान डोलावली. मलाही तो उजवीकडेच आठवत होता.

"तुमी सारे माहा पडदा आठवून राहिले," बिसराम म्हणाला. "भिंत कोणी पाहून नाही राहिलं."

तो उठला आणि डावीकडच्या भिंतीवर बोटाने ठोकत गेला. एका जागी आवाज पोकळ आला. देवानंदने छिन्नी लावली. गिलावा पडला आणि आत जुन्या सज्ज्याच्या सागवानी तुळईचं कुरतडलेलं टोक दिसलं. मग दुसरं, मग तिसरं.

"चाळीस वर्षं बनवलं आमाले, खोटारडा कुठला!" जमुनाबाई ओरडल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या.

गोपीचंद पडदा गुंडाळू लागला, तसा देवानंदने त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या जी. काकाजी, कठडा तरी बरोबर हाये का?"

"कठडा अस्सल हाये. फक्त दांड्या सतरा होत्या."

"इथं तर बाराच हायेत."

"रंग सरला होता ना!"

देवानंदने त्याची खुर्ची उचलून डाव्या भिंतीसमोर ठेवली. बिसराम बसला आणि हवेत बोट फिरवत त्याला एकेका दांडीचं वळण दाखवू लागला.