पैनगंगेकाठचा तिसरा बुरूज

रघुनाथमास्तर गेल्याचं मला आदिलाबादच्या बसस्टँडवर कळलं. त्यांच्या शाळेचा शिपाई बसमधून उतरला, मला बघून थांबला आणि म्हणाला, “मास्तर गेले.” आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी मनात आलं ते हे, की आता त्यांना कधीच कळणार नाही. त्या सुटकेची लाज गेले दोन महिने घास गिळू देत नाही.

आमची ओळख त्र्याऐंशी सालची. मी गिरदावर, म्हणजे महसूल खात्यात गावोगाव फिरून जमिनी तपासणारा. ते सीमेवरच्या गावात मराठी शाळेचे मास्तर. पैनगंगेच्या काठाने जुने टेहळणीचे बुरूज होते, नदी उतरून येणाऱ्यावर नजर ठेवायला बांधलेले, आता कपाशीच्या शेतांत एकेकटे उभे. रविवारी आम्ही सायकलींवर ते बघत हिंडायचो. मास्तर फोटो काढत आणि मापासाठी मला पायथ्याशी उभं करत.

“उभे राहा न गिरदावरसाहेब. तुमी पाच फूट चार इंच. टेप काऊन पाह्यजे?”

“सरकारी माप हाये मास्तर. कमी भरलं तर तक्रार कोणाकडं करसान?”

तिसरा बुरूज त्यांचा लाडका. तो जपावा म्हणून अठ्ठ्याऐंशीत त्यांनी अर्ज केला, आणि तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. जवळच्या रस्त्याला दगड हवा होता. माझी बदली लांब जंगलात होऊ घातली होती आणि मुलगी दहावीला. साहेब एवढंच म्हणाले, “मौक्यावर जायची जरुरत नाही. इथंच लिहा.” मी खुर्चीत बसून पंचनामा लिहिला: जागेवर इमारत नाही, पडीक दगडांचा ढीग आहे. दोन पंचांच्या सह्या चहाच्या टपरीवर घेतल्या. ज्या भिंतीला टेकून फोटोत हसलो होतो, तिला मी ढीग म्हटलं. बदली टळली.

महिनाभरात बुरूज गेला. मास्तर मला तिथे घेऊन गेले, बुरुजाच्या उघड्या पडलेल्या पायाभोवती एक फेरी मारली. “लिवणाऱ्यानं पाह्यलाच नसंन,” ते म्हणाले. “पाह्यला असता तर असं लिवलं नसतं त्यानं.” मी सायकलची चेन बघत राहिलो. पुढची आठ वर्षं दारात त्यांच्या सायकलची घंटी वाजली की वाटायचं, आज विचारतील. त्यांनी विचारलं नाही. रविवारही चुकवला नाही.

परवा मास्तरांच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही.

“हे त्यायले सांगायचं होतं न, भाऊजी. मले काऊन सांगून राह्यले?”

मग सूप बाजूला ठेवून त्यांनी मास्तरांची खोली उघडून दिली आणि स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची, मधोमध खोलगट झालेली. मी समोर जमिनीवर बसलो.

“मास्तर,” मी म्हणालो, “पाह्यला होता त्यानं.”