जगूदा त्या सभेला हजर नव्हता

जगूदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पलूसला लेकीकडे जेवत होतो. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी उठलंच न्हाईत वो ते." ताटावरून उठलो आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या गावाची गाडी धरली. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, दुःख हळूहळू ओसरतं. ओसरत असेल. माझा राग मात्र तसूभर कमी झालेला नाही, आणि तो का नाही ते आज सांगून टाकतो.

जगूदा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण सातवीत दोनदा नापास झाला आणि माझ्या वर्गात आला. पुढं मी फौजेत गेलो, सुभेदार होऊन परतलो. त्याची बायको सुमन सांगलीला नर्सिंग शिकलेली. तिला इंग्लंडात सरकारी दवाखान्यात नोकरी लागली आणि तिच्यामागं हाही गेला. जन्म तिथं बस चालवण्यात घालवला. लोक विलायतेहून कोट आणि अत्तरं आणतात. हा निवृत्त होऊन गावी आला तो युनियनचा बिल्ला आणि एक घडीची खुर्ची घेऊन. डेपोच्या फाटकावर धरणं धरताना तो हिच्यावर बसायचा.

गावाला वाटलं, हा साहेबाच्या देशाचं कौतुक सांगेल. दवाखान्याचं तो सांगायचाही. "सुमननं हाडं झिजवली तिथं, पन पेशंटला पैसं कुनी इचारलं न्हाईत," हे म्हणताना त्याची मान ताठ व्हायची. पण पाण्याचा विषय निघाला की संपलं... "गड्या, त्यांनी पानी इकलं रं. पाइप लोकांनी घातलेली, मालक झाली कंपनी. बिल वाढवत्यात, घान नदीत सोडत्यात आन् नफा वाटून घेत्यात." तिथं असताना एकदा तो त्या कंपनीच्या दारात पुठ्ठ्यावर एक ओळ लिहून उभा राहिला. गप उभा, तोंडातून शब्द नाही. पोलिसांनी उचलून दिवसभर बसवून ठेवलं. मी म्हटलं, "कायदा मोडला आसशील." तो भडकला. "कायदाच तसा करून ठेवलाय. निदर्शनाचा आवाज लय झाला तरी आडवत्यात आता. सुभेदार, तुला हुकूम कळतो, हक्क कळत न्हाई." हे मला झोंबलं. चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

त्याची एक जखम मात्र कधी भरली नाही. डेपोत संपासाठी मतदान होतं. तिथं मतपत्रिका पोस्टानं घरी येते आणि निम्म्या लोकांनी मतच दिलं नाही तर संप करता येत नाही, मग आलेली सगळी मतं संपाच्या बाजूनं का असेनात. ड्यूटी संपवून हा दारोदार फिरला. थोडक्यात आकडा हुकला. "नगं म्हनालं आस्तं तर चाललं आस्तं रं. पन मताची पाकिटं टेबलावर पडून व्हती, फोडलीबी न्हवती."

आणि अशा माणसाच्या गावात ग्रामसभा कशी होते? शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. चहा होतो, सही होते, कोरम भरतो. सभा कुठंच होत नाही. जगूदानं घरी कधी सही केली नाही. नोटिशीवर लिहिलेल्या वेळेला तो खुर्ची काखेत मारून समाजमंदिरात जायचा आणि दुपारपर्यंत एकटा बसायचा. पोरंटोरं हसायची. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? "विलायती सरपंच, कुनाची सभा घेतोस?" म्हणायचो. तो म्हणायचा, "यील की. एक तरी यील."

यंदा गावची नळयोजना ठेकेदाराच्या हवाली करायचा घाट घातला गेला. जगूदा पेटला. हेच मी एकदा बघून आलोय, म्हणाला. गल्लीगल्लीत फिरला. शेवटी माझ्या ओट्यावर येऊन बसला. "या सभेला तू ये. भाषान करू नगंस. नुसता माज्याशेजारी बस." येतो म्हटलं. शब्द दिला.

सभा आठ दिवसांवर असताना तो गेला...

सभेच्या दिवशी मी गेलो नाही. तोच नाही तर कशाला, असं वाटलं. दोन दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन आला. डोळ्यांवर चष्मा नव्हता, हातात चहा होता. दाखवलं तिथं सही केली. आयुष्यभर तेच केलं होतं.

पुढच्या आठवड्यात वहिनींबरोबर मृत्यूचा दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेलो. टेबलावर सह्यांचं तेच रजिस्टर उघडं होतं. नळयोजना ठेकेदाराला देण्याचा ठराव एकमतानं मंजूर. अनुमोदक म्हणून जगूदाचं नाव, आणि त्यापुढं वेड्यावाकड्या अक्षरांत त्याची सही. त्याच टेबलावरून, त्याच हातानं, आम्हाला तो मेल्याचा दाखला मिळाला. दोन्हींवर शिक्का एकच. मी टेबलावर मूठ आपटली. टेबलामागचा ग्रामसेवक शांतपणे म्हणाला, "आवं सुभेदार, जुन्या यादीवरनं चुकून पडलं आसंल. तुमची बी सही हाय की खाली."

होती. त्याच्या नावाच्या बरोबर खाली.

ज्यानं मेलेल्या माणसाची सही केली त्याची मला चीड आहे. त्याहून जास्त चीड माझी आहे. जगूदाचं टेबलावर पडलेलं पाकीट मीच, एवढ्या वर्षांनी कळलं.

तालुक्याला तक्रार दिली आहे. सभेला न जाता घरी बसून केलेली माझी स्वतःची सही खोटी आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. अजून उत्तर नाही. पण पुढच्या सभेची नोटीस लागली आहे. परवा ती खुर्ची मागायला वहिनींकडे गेलो. दाराआड, तो ठेवायचा तिथंच भिंतीला टेकून होती. मी म्हटलं, "यंदा मी जाऊन बसतो." वहिनींनी खुर्ची उचलून पदरानं पुसली, पण माझ्या हातात दिली नाही.

"खुर्चीवर मी बसीन, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी शेजारी हुबं ऱ्हावा."