चालत्या सर्व्हरला कुंकू

खंडेनवमीला आमच्या कंपनीत चालत्या मशीनला कुंकू लावत नाहीत. आधी मशीन बंद, मग पुसणं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ आणि पुढे नारळ. हा नियम पाळून घेणारे म्हणजे आमचे मेंटेनन्सचे फोरमन. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणते. चाकणच्या जुन्या घरातले, इथे कांदा पिकत होता तेव्हापासूनचे. भाग ठोकून काढणारा प्रेस चालू असताना कुणी नुसता हात पुढे केला तरी मामांचा आवाज वरच्या पत्र्याला जाऊन भिडायचा. पूजेचा नियमही त्याच धाकातला, म्हणून मला तो कधी भाबडा वाटला नाही.

अडचण एवढीच, की मी ज्या मशिनांना सांभाळते ती बंद ठेवायची नसतात.

आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो आणि मी तिथे आयटी बघते. जिन्याखाली, कॅन्टीनच्या भिंतीला लागून, आमची सर्व्हर रूम आहे. काचेचं दार, आत रात्रंदिवस एसी, आणि एका उभ्या कपाटात एकावर एक तीन सर्व्हर. हा आमचा स्वतःचा क्लाउड. क्लाउड म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात. आमच्या क्लाउडला सकाळी पोह्यांच्या फोडणीचा वास येतो.

त्या तीन लोखंडी डब्यांमध्ये वीसेक व्हीएम राहतात. व्हीएम म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी कॉम्प्युटर, भाडेकरू समजा. इमारत एक, पण प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. एक पगार काढतो, एक हजेरी घेतो, एक सगळ्यात मोठा आणि अवजड डेटाबेस सांभाळतो, आणि एक फक्त लेबलं छापतो. हा लेबलवाला दिसायला चिल्लर, पण खरा मालक तोच. माल भरलेल्या खोक्यावर लेबल नसेल, तर गाड्या बनवणारी कंपनी ट्रक गेटातूनच परत पाठवते. आणि आपल्यामुळे त्यांची लाइन थांबली तर मग विचारूच नका.

तसं एकदा झालं होतं. त्या खंडेनवमीला मामांच्या नियमाप्रमाणे आम्ही तिन्ही सर्व्हर बंद केले, थाटात पूजा केली, आणि नंतर एक सर्व्हर काही केल्या उठेना. मोठ्या कष्टाने उठला तेव्हा दुपार कलली होती. आमचे ट्रक गेटापासून पार मोठ्या रस्त्यापर्यंत उभे, मध्येच मार्केटयार्डाला निघालेल्या कांद्याच्या गाड्या अडकलेल्या, आणि ड्रायव्हर लोक माझ्या खोलीच्या दिशेने बघून जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्लान्टचे मोठे साहेब शांत माणूस. शांत माणूस चिडला की जास्त भीती वाटते. ते म्हणाले, "हे घरचं लोढणं पुरे झालं. सगळं बाहेरच्या भाड्याच्या क्लाउडवर टाकू. ही खोली कॅन्टीनला देऊन टाका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही खोली मी उभी केली होती. लोखंडी कपाट जिन्याखालून आत घ्यायला चौकट फोडावी लागली, तेव्हा गवंड्याशेजारी मी उभी होते. दर गुरुवारी सगळी एमआयडीसी सुट्टीवर असायची आणि मी इथे असायचे, कारण कंपनी बंद असतानाच सर्व्हर बंद करता यायचे. रावेतला घरी लोक विचारायचे, तुझी सुट्टी कधी? आणि आता तिथे भांडी घासणार?

"साहेब, एक वर्ष द्या," मी म्हणाले. "आपल्या सिस्टीमची नवी आवृत्ती आली आहे. पुढच्या खंडेनवमीला तिन्ही सर्व्हर बंद होतील, पूजा होईल, आणि एक लेबल थांबणार नाही."

"आणि थांबलं तर?"

"तर कॅन्टीनच्या उद्घाटनाचा नारळ मीच फोडते."

बोलून तर गेले. हे माझं नेहमीचंच, आधी जीभ आणि मागून डोकं.

नव्या आवृत्तीत काय होतं ते सांगते. चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून न्यायची सोय पूर्वीही होती. पण आमच्या अवजड डेटाबेसला हलवताना त्याचा श्वास कोंडायचा आणि मग लेबलवालाही अडायचा. आता मोठ्यात मोठं मशीनही न थांबता हलत होतं. म्हणजे गॅसवर दूध ठेवलेलं असताना बिऱ्हाड शेजारच्या घरात न्यायचं आणि दूध उतू जाऊ द्यायचं नाही, असा प्रकार. दुसरं, मेमरी कमी पडली तर वेगवान डिस्कचा तुकडा मेमरीसारखा वापरता येत होता. पाहुणे जास्त झाले की आपण गॅलरीत गाद्या टाकतो, तसं. आणि तिसरी सोय मला सगळ्यात नकोशी होती. एखादा सर्व्हर तापायला लागला, त्याची तब्येत बिघडायला लागली, तर सिस्टीम कुणालाही न विचारता त्याच्यावरचे भाडेकरू दुसरीकडे हलवते.

न विचारता! मी घरी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दुसऱ्या कुणाला मोजू देत नाही. मी ती सोय नुसता सल्ला देण्यापुरती ठेवली. तू सांग, हलवायचं की नाही ते मी ठरवेन.

वर्षभर आम्ही दोघांनी सराव केला. दोघं म्हणजे मी आणि माझा सहकारी. तो लातूरचा, माझ्याच वयाचा, आणि थंड डोक्याचा. मी आरडाओरडा करायचे आणि तो काम करायचा, अशी आमची वाटणी होती. खंडेनवमीच्या सकाळी मी सर्व्हर रूमच्या बाहेरच्या टेबलावर स्क्रीनसमोर बसले, आणि काय वाटलं कोण जाणे, ती तिसरी सोय सल्ल्यावरून काढून पूर्ण सिस्टीमच्या मर्जीवर सोडली. दिवसभर कुंकू, माळा, आरती आणि प्रसादात माझं लक्ष कुठे आणि किती राहणार, असा विचार मनात आला होता खरा.

सहकारी बघत होता. "ताई, साहेबाला विचारलं का?"

"नाही."

"बघून करा बरं का. एकदा लगाम सोडला की परत हाती येत नसतोय."

"येत नसला तर नसू दे," मी म्हणाले.

शॉपमध्ये प्रेस आळीपाळीने बंद होऊन सजत होते. तयार माल मात्र डिस्पॅचमधून बाहेर पडतच होता, कारण दसऱ्याच्या तोंडावर गाड्यांना मागणी. साहेब स्वतः डिस्पॅचच्या प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले होते. विश्वास नव्हता, दुसरं काय!

मामा आले. डोक्याला टोपी, हातात ताट, काखेत झेंडूची मनगटाएवढी जाड माळ आणि नवंकोरं लाल कापड.

"हाय का बंद?" त्यांनी विचारलं.

"एकएक करून बंद करतोय मामा. एकदम नाही."

"एक करा न्हाईतर दहा करा. चालत्याला मी कुकू लावनार न्हाई."

मी एक नंबरच्या सर्व्हरवरचे भाडेकरू बाकीच्या दोघांवर हलवले. अवजड डेटाबेससुद्धा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. सर्व्हर रिकामा झाला, बंद केला. "मामा, एक नंबर बंद झाला," मी म्हणाले, आणि मामा ताट घेऊन आत गेले.

आता जी चूक झाली ती आमच्याकडेच होऊ शकते. सर्व्हरच्या कपाटात नंबर खालून वर मोजतात. सगळ्यात खालचा तो एक. जगभर ही रीत आहे, आणि आयटीवाल्यांना ती इतकी अंगवळणी पडलेली असते की दुसऱ्याला सांगायचंही सुचत नाही. मामांनी देवघरासारखं वरून मोजलं. सगळ्यात वरच्या सर्व्हरला, म्हणजे चालत्या तीन नंबरला, त्यांनी कुंकू लावलं, त्याच्या तोंडावरून ती जाड माळ सोडली आणि वरून लाल कापड नीट चोपून बसवलं. सर्व्हर तोंडाकडूनच गार हवा आत ओढतो. मामांनी त्याचं नाकतोंड बांधून टाकलं होतं. आधीच्या वर्षांत तिन्ही बंद असायचे, म्हणून कापडाने कधी काही बिघडलं नव्हतं.

मी हे पाहिलंच नाही. आत धूर चालत नाही, म्हणून आरती दाराबाहेर असते. मामा बाहेर आले, दार लोटलं, कापूर पेटवून ताट माझ्या हातात दिलं. "तुमची खोली हाय, तुमीच ओवाळा." आणि डोळे मिटून खड्या आवाजात आरती धरली. शॉपमधली आठदहा माणसं टाळ्या वाजवायला जमली.

दुसऱ्या कडव्याला आतून आवाज आला. सर्व्हरचे पंखे जीव तोडून घोंगावायला लागले की जो येतो, तोच. मी काचेतून आत बघितलं आणि लाल कापड दिसलं. वरच्यावर! एक बंद, तीन गुदमरलेला, आणि लेबलवाला होता नेमका तिनावर.

हातात पेटलेली आरती. समोर मामा आणि माणसं. आरती अर्धी टाकून पळायचं? आमच्या कंपनीत माणूस आरती टाकून आग लागली तरच पळतो. मी सहकाऱ्याकडे बघून डोळे वटारले. तो स्क्रीनपाशी उभा होता. मला वाटलं, आता हा धावेल. पण तो हलला नाही. त्याने हाताने मला नुसतं थांबायची खूण केली आणि बोटाने स्क्रीन दाखवला.

मी ओवाळत ओवाळत मान वळवली. तीन नंबरसमोर लाल खूण पेटली होती आणि त्याच्यावरचे भाडेकरू एकेक करून बाहेर पडत होते. कुणी सांगितलं नव्हतं. हजेरीवाला गेला. पगारवाला गेला. लेबलवाला गेला. सगळे निघाले होते मधल्या दोन नंबरकडे. तीन इमारतींचं बिऱ्हाड एकाच इमारतीत शिरत होतं, आणि दोन नंबरचा मेमरीचा काटा वर वर चढत होता. आता हा फुटणार, मी मनात म्हणाले. गेली खोली! मग काटा टोकाला जाऊन थांबला. गॅलरीत गाद्या पडल्या होत्या. शेवटी अवजड डेटाबेस निघाला आणि तोही आत मावला. तीन नंबर रिकामा झाला.

मी शेवटचं कडवं इतक्या मोठ्याने म्हटलं की मामांनी डोळे उघडून बघितलं.

आरती संपल्यावर मी धावत आत जाऊन कापड ओढलं. "मामा, वरचा चालू होता! एक नंबर खालचा!"

मामांचा चेहरा पडला. "आरं देवा. चालत्याला लावलं म्या?"

"लावलंत. पण त्याने आपणहून काम सोडलं. आता रिकामा आहे."

मग मामा एकदम सावरले. "मंग? कुकू लागलं आन् त्यानं काम सोडलं. यंत्राला कळतंय, तुमास्नी कळत न्हाई. आता बंद करा त्याला."

मला हसू आवरेना. मी तीन नंबर बंद केला. तेवढ्यात साहेब लगबगीने आले, कपाळाला आठ्या.

"किती उशीर? कधी बंद करणार आहात तुमची मशिनं?"

"दोन बंद आहेत साहेब. सगळी कंपनी आत्ता मधल्या एकट्यावर चालली आहे."

त्यांना खरं वाटेना. त्यांनी तिथूनच डिस्पॅचला फोन लावला. "लेबलं थांबली होती का?" पलीकडचा माणूस इतक्या जोरात बोलत होता की आम्हालाही ऐकू आलं. "कधी साहेब? आत्ता तर तुम्ही इथंच होता. गाडी भरून गेटाबाहेर बी गेली."

मी त्यांना कापडाची गोष्ट सांगितली. लगामाचीही सांगितली, न विचारता सोडला होता तो. लपवून काय करायचं? साहेब स्क्रीनकडे बघत राहिले. वर तीन रिकामा, खाली एक रिकामा, आणि मध्ये दोन नंबर सगळा संसार घेऊन उभा. मामांनी खालच्या एक नंबरलाही कुंकू लावलं, मग मी तो सुरू केला आणि तो गुणी बाळासारखा उठला. मधल्यावरचे भाडेकरू त्याच्यावर आले, दोन नंबर मोकळा झाला आणि मी तोही बंद केला.

मामा कुंकवाची वाटी घेऊन दाराशी आले. पण साहेबांनी हात पुढे केला. "मामा, हा मी करू?"

इतक्या वर्षांत त्या खोलीत ते फक्त रागावायला आले होते. दाराशी वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीकडे सरकवले आणि मोजे घातलेल्या पायांनी आत गेले. "बाहेरच्या क्लाउडवाल्यांना आजच नको म्हणून कळवतो," पाठमोरेच म्हणाले. "आणि तुम्ही गुरुवारची सुट्टी घेत जा. आता दिवसाढवळ्या जमतंय ना सगळं?"

मी जिंकले होते! मला तिथेच शिट्टी मारावीशी वाटली, आणि सहकाऱ्याने ती मारलीही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी कापराच्या धुरावर ढकललं.

साहेबांचं कुंकवाचं बोट सर्व्हरपाशी गेलं आणि मामा मागून गरजले, "साहेब, थांबा!" बोट हवेतच राहिलं. मामा माझ्याकडे वळले. आवाज पार खाली आला होता.

"ताई, ह्यो बंद हाय न्हवं?"

"बंद आहे, मामा," मी म्हणाले. "लावू द्या."