सुशीलाकाकू नावाचं मॉड्यूल

मंडळी, आज एका चोराला भर सभेत टाळ्या मिळताना बघितल्या.

वेबपेजवर कोड दाखवायचा असला की त्याला रंग देणारं, ओळींना आकडे लावणारं एक छोटं प्लगइन मी बनवलंय. नेटवर फुकट ठेवलंय. खुशाल घ्या, फक्त माझं नाव राहू द्या, एवढीच अट.

आज क्रांती चौकाजवळच्या हॉलमध्ये, नव्या कंपन्यांच्या सभेत, एक कोटवाले साहेब स्टेजवरून सांगायलेत, "हे प्लगइन आमच्या टीमनं रात्रंदिवस खपून बनवलं." माझं नाव तेवढं पुसलेलं. बाकी सगळं जसंच्या तसं.

अगदी प्लगइन कसं चालतं ते दाखवायला टाकलेला नमुन्याचा कोडसुद्धा! तो मी गारखेड्यात घरी, टँकरची वाट बघत बसलो असताना लिहिला होता: टँकर आला की शेजारच्या सुशीलाकाकूंना हाक मारा. तेच आता भल्यामोठ्या पडद्यावर, रंगीत.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "सर, ही सुशीलाकाकू कोण?"

साहेबांची पापणीसुद्धा हलली नाही. "मॅडम, ते आमचं इंटर्नल मॉड्यूल आहे, प्रोग्रामचा आतला भाग."

अरे, चोरायचं तर चोर, पण निदान उघडून वाच तरी! शहर वाढतंय म्हणे. नळाला पाणी येईना, पण असले फाउंडर मात्र गल्लोगल्ली उगवायलेत. तुमच्याकडंही असतीलच की एखादे?

घरी आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्या रिकामा ड्रम घासत होत्या.

"व्हय का? मग उद्या टँकर आल्यावर बोलव त्याला," काकू म्हणाल्या. "मॉड्यूलच्यानं आता हंडा उचलवत नाय म्हणावं."